हळदीचा डाग नसलेली कवळी

तोंड उघडं ठेवायला सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचा, ही आम्हा दंतवैद्यांची जुनी खोड. उत्तर अर्थातच शेजारच्या स्टुलावर बसलेला नातेवाईक देतो. पेशंट म्हातारा असला तर तोंड मिटलेलं असतानाही तोच देतो. माझा दवाखाना दक्षिण नागपुरात, एका औषधाच्या दुकानाच्या वर आहे. तिथे मी पुष्कळ आज्या-आजोबांच्या कवळ्या केल्या. त्यांना काय आवडतं, काय पचतं, झोप लागते की नाही, हे सगळं मला त्यांच्या मुला-सुनांकडून कळलं. खुद्द त्यांच्याकडून कळलं ते ‘आ’ आणि ‘हं’ एवढंच.

एकदा मला ज्येष्ठांच्या छळावरच्या कार्यशाळेचं निमंत्रण आलं. छळ ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर डॉक्टर, वकील, बँकवाले वगैरे मंडळींनी करायचं काय, असा विषय होता. दीपप्रज्वलन झालं. पंख्यामुळे दिवा पुन्हा पुन्हा विझत होता, पण जूनच्या उकाड्यात पंखा बंद करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. मंचावर एका वयोवृद्ध गृहस्थांना सत्कारासाठी बसवलं होतं. त्यांच्या अंगावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला. मग पाहुण्यांची भाषणं सुरू झाली. ते गृहस्थ सारखे विंगेच्या दाराकडे बघत होते. त्यांना बाथरूमला जायचं असावं, असा माझा अंदाज. पण सत्कारमूर्तीनं मध्येच उठलेलं बरं दिसत नाही, म्हणून ते बसून राहिले, आणि ज्येष्ठांना सन्मानानं कसं वागवावं यावरची भाषणं चालू राहिली.

त्यानंतर पडद्यावर फोटो आले. वळ, चटके, मोडलेली मनगटं. बघवत नव्हते. माझ्या शेजारी बसलेले डोळ्यांचे डॉक्टर हळूच म्हणाले, हे असलं काही आपल्याकडे येत नाही. मलाही तेच वाटलं. शेवटच्या चित्रावर ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर होता, पण तोवर बहुतेक लोक जेवायला उठले होते. मी नंबर मोबाइलमध्ये टिपून घेतला, तोही पुलावाच्या रांगेत फार गर्दी होती म्हणून.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टची नोकरी. बायको वारल्यापासून घरात मायलेक दोघंच. आजींची कवळी मीच वर्षभरापूर्वी केली होती. तेव्हाच्या आजी मला चांगल्या आठवत होत्या. विहारात बायकांच्या पुढे बसून वंदना म्हणायच्या. कवळी लावल्याबरोबर त्यांनी माझ्या खुर्चीतच खड्या आवाजात दोन ओळी म्हणून बघितल्या होत्या आणि बाहेर बसलेले पेशंट डोकावून गेले होते.

या वेळी त्या गप्प होत्या. पदर तोंडावर धरलेला. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, इतक्या वाळल्या होत्या. ओठांचे कोपरे चिरलेले.

मुलानं पिशवीतून कवळी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, “मॅडम, ही बसून नाही राहिली. तुमचं माप चुकलं असन.” पुढे त्यानं सांगितलं की चुलत पुतण्याचं लग्न आहे, सगळे पाहुणे येणार, आणि आई बिनदाताची बरी दिसत नाही.

दंतवैद्याला तुम्ही महागडा म्हणा, कसाई म्हणा, तो हसून घेतो. माप चुकलं म्हटलेलं मात्र त्याला झोंबतं. मी कवळी घेऊन खिडकीशी गेले. उजेडात मी शोधत होते तो चूक माझी नसल्याचा पुरावा. सापडलं ते वेगळंच.

नागपुरात कवळी फार दिवस पांढरी राहत नाही. वरणातली हळद, रश्शाची तर्री, दिवसातून चार वेळचा चहा. दातांच्या फटींत पिवळी रेघ बसते आणि कुठलाही ब्रश ती काढू शकत नाही. ही कवळी माझ्या काचेच्या कपाटातल्या नमुन्यासारखी होती. दाढा जराही झिजलेल्या नव्हत्या. शिवाय कवळी न वापरता कोरडी ठेवून दिली की थोडी आकसते, आणि माणूस वाळला की त्याच्या हिरड्याही बदलतात. ती बसणार कशी?

मी आजींना विचारलं, “जेवताना लावता का?”

मुलगा म्हणाला, “रोज लावते. सगळं खाते. तिले आता काही समजत नाही, मॅडम. तुम्ही मलेच विचारा.”

कवळी न लावणारे म्हातारे पुष्कळ असतात. टोचते म्हणून डब्यात ठेवतात आणि मुलं रागावतील म्हणून लावतो असं सांगतात. पण टोचणारी कवळी हिरडीवर खूण ठेवते. आजींची हिरडी स्वच्छ होती. आणि इथे लावते असं सांगत होता तो मुलगा. कवळी एक सांगत होती, मुलगा दुसरं, आणि जिचं तोंड होतं ती पदराआड होती. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. पण आजींना एकटीला विचारायला हवं, एवढं नक्की झालं.

आपल्याकडे नातेवाइकाला ‘जरा बाहेर बसता का’ म्हटलं की तो स्टूल आणखी जवळ ओढतो. आई आमची आहे, आमच्यापासून काय लपवायचं? क्ष-किरणांना मात्र लोक मानतात. मी म्हटलं, एक्स-रे काढायचा आहे. तो ताबडतोब उठून बाहेर गेला आणि जाताना दारही लावून घेतलं. एक्स-रे मी खरोखर काढला. हिरडीत जुन्या मुळाचा तुकडा राहिला आहे का, ते बघायचंच होतं. मग मशीन बाजूला सारून त्यांच्या समोर स्टुलावर बसले. खुर्ची सरळ केली, म्हणजे त्यांना छताशी न बोलता माझ्याशी बोलता येईल.

विचारलं, “आजी, कवळी घरी कुठे असते?”

त्यांनी दाराकडे बघितलं. “त्याच्या कपाटात.”

बिनदातांचं बोलणं समजायची मला सवय आहे. तरी दोनदा विचारून घ्यावं लागत होतं आणि दर वेळी त्या ओशाळत होत्या. त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा रात्रपाळी करून येतो, दिवसा झोपतो. या उठल्यापासून बोलतात, शेजारणीला हाका मारतात, त्याला दोन शब्द सुनावतात. कवळी आणल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा त्यानं रागाच्या भरात ती बशीतून उचलली आणि कपाटात टाकली. मग ती रीतच पडली. पाहुणे आले की दात मिळायचे, पाहुणे गेले की जायचे. त्यांनी कशाला नाही म्हटलं, तरी जायचे. पुढे पुढे मिळायचेच बंद झाले. खायला दुधात कालवलेला भात. बोबडं बोललं की लोक हसतात म्हणून विहारात जाणंही सुटलं.

“हात नाही उचलला त्यानं कधी,” त्या म्हणाल्या. “त्याले काही म्हणू नका, बाई.”

दार उघडलं तेव्हा मी मुलाला एवढंच सांगितलं, की हिरड्या बदलल्या आहेत, नवी कवळी करावी लागेल आणि त्यासाठी तीन-चार खेपा होतील. ते खरंच होतं. त्याला लग्नाआधी दात हवे होते. तो कबूल झाला.

ते गेल्यावर मात्र मला राग आला. मनात मी त्या मऊ बोलणाऱ्या माणसाला चांगलं तासभर झापलं. माझं ते भाषण फार प्रभावी होतं. मग मोबाइलमध्ये टिपलेला तो हेल्पलाइनचा नंबर लावला.

फोनवर एक बाई होत्या. आवाजावरून तिशीच्या वाटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी विचारलं की आजींना काय हवं आहे. मला ते माहीत नव्हतं. मी त्यांचे हाल विचारले होते, इच्छा विचारली नव्हती. मी म्हटलं, पुढच्या खेपेला मुलाला समोर बसवून स्पष्ट बोलते.

त्या म्हणाल्या, “मॅडम, त्याला झापलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण त्यांना घरी त्याच्याबरोबरच जायचं आहे. आणि पुढच्या खेपेला तो त्यांना आणणारच नाही.”

मी माझं भाषण गुंडाळलं.

त्यांनी काय करायचं ते सांगितलं. आजींना पुन्हा एकटं गाठा. मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं यातलं काही आहे का, आज घरी जायची भीती वाटते का, हे सरळ शब्दांत विचारा. भीती असेल तर तिथूनच फोन करा, मग कवळीचं पुढचं पुढे. नसेल, तर त्यांच्या बाजूचं कोण आहे ते विचारा. जे बघितलं ते केसपेपरवर तारखेनिशी लिहा, मुलगा कसा आहे यावरचं आपलं मत लिहू नका. कायदा आहे, पोलीसही आहेत, हे आजींना सांगा, पण त्या शहाण्यासुरत्या आहेत, तेव्हा ठरवू त्यांना द्या. यातलं काहीच अवघड नव्हतं. मला आपणहून सुचलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या खेपेला माप घ्यायच्या वेळी मी मुलाला बाहेर बसवलं आणि हे सगळं विचारलं. मारहाण नाही, कोंडणं नाही, भीती नाही. पोलिसांचं नाव काढल्यावर आजींनी माझा हात बाजूला केला.

“पोट्टा माहाच आहे,” त्या म्हणाल्या. “त्याले पोलिसात नेऊन मले जेवण गोड लागन का? मले लेकीशी बोलायचं आहे.”

लेक नागपूरजवळच खाप्याला दिलेली. दर आठवड्याला तिचा फोन येई. फोन मुलाच्या हातात, स्पीकर चालू. आजी जिवाच्या आकांतानं काहीतरी सांगायच्या आणि तिकडे नुसतं फसफस ऐकू जायचं. मग मुलगा म्हणायचा, बघ ना ताई, काय बोलून राहिली काही समजत नाही. लेकीला वाटू लागलं होतं की आईचं डोकं गेलं. मागच्या फोनवर तिनं भावाला म्हणे सांगितलं, तू एकटा किती करशील, मेंदूच्या डॉक्टरला दाखव, नाहीतर कुठे ठेवता येते का बघ.

आजी मोडल्या होत्या त्या इथे. भाताचं त्यांनी सोसलं असतं. पोटची लेक आपल्याला वेडी समजते आणि ती समजूत काढायला तोंडात दात नाहीत, हे त्यांना सोसत नव्हतं.

पक्की कवळी तयार व्हायच्या आधी आम्ही मेणात दात बसवून पेशंटच्या तोंडात लावून बघतो. चावायचं नसतं, फक्त दिसणं बघायचं आणि बोलायला लावायचं. मी सगळ्यांना साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगते. त्यात ‘स’ फार, आणि दात चुकीच्या जागी असले तर ‘स’ लगेच चुगली करतो. आजींच्या तोंडात मेणाची कवळी बसवली तेव्हा मुलगा खाली चहाच्या टपरीवर गेला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनंच त्याला पाठवलं होतं, अर्धा तास लागेल सांगून.

मी म्हटलं, “आजी, काहीतरी बोलावं लागेल. मोजता का, लेकीला फोन लावू?”

“लाव,” त्या म्हणाल्या.

लेकीचा नंबर मुलाकडून कसा काढावा, याचा मी दोन दिवस विचार करत होते. गरजच पडली नाही. काही समजत नाही असं मुलगा जिच्याबद्दल सांगत होता, तिनं दहाही आकडे न अडखळता सांगितले आणि मी एक चुकीचा दाबला तोही दाखवला.

तिकडून लेक म्हणाली, “हॅलो, कोण?”

“मी आहे वं.”

“मी कोण?”

“तुही माय.”

मग लेक हळूच म्हणाली, “माय, तू इतकी साफ कशी बोलून राहिली?”

“दात लावले. मेणाचे आहेत, गरम झाले का पघळतीन, म्हणून लवकर ऐक. माहं डोकं जाग्यावर आहे. दात जाग्यावर नव्हते. तुहा भाऊ ते कपाटात ठेवते.”

मी एक्स-रेच्या मशीनकडे बघत उभी राहिले. लेकीनं मध्ये जेवणाचं विचारलं, तेव्हा आजींनी काल काय खाल्लं आणि परवा काय खाल्लं ते सांगितलं. दोन्ही दिवसांचं उत्तर एकच होतं. मग तिकडून रडण्याचा आवाज आला. लेक आत्ताच निघते म्हणत होती.

“आज नको येऊ,” आजी म्हणाल्या. “पक्के दात मिळतीन त्या दिवशी ये. तू भांडू नको त्याच्याशी. मले बोलायचं आहे.”

‘स’ उत्तम येत होता. मी मेणाची कवळी काढून गार पाण्यात टाकली.

त्यानंतरचा आठवडा मला जड गेला. हेल्पलाइनच्या बाईंनी लेकीशी बोलून घेतलं होतं. काही बिनसलं तर आजींनी शेजारणीकडे जायचं आणि शेजारणीनं लेकीला कळवायचं, असं ठरलं होतं. तरी घरात काय चाललं असेल ते मला दिसत नव्हतं, आणि माझ्या हातात एका कवळीपलीकडे काही नव्हतं.

ठरल्या दिवशी आजी आणि मुलगा आले तेव्हा लेक आधीच येऊन बसली होती. भावानं तिला बघून विचारलं, “तू काहून आली?” ती म्हणाली, “मायचे दात पाहाले.” बाकी ती काही बोलली नाही. आईनं घातलेली अट तिनं पाळली, आणि ते तिला किती अवघड जात होतं ते तिच्या बोटांत पिळलेल्या पदरावरून दिसत होतं.

कवळी बसली. मी आरसा आजींच्या हातात दिला आणि कवळी कशी काढायची, कशी धुवायची, रात्री पाण्यात कशी ठेवायची, हे सगळं त्यांच्याकडे बघून सांगू लागले. मुलगा म्हणाला, “मी ठेवत जाईन, मॅडम. तुम्ही मले सांगा.”

आजी म्हणाल्या, “नाही. माह्या दाताले तू हात लावू नको.”

त्या फार मोठ्यानं बोलल्या नाहीत. त्यानं बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्हाला दोघींना ठाऊक आहे, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो स्टुलावर बसला.

“मी रात्रभर मशीनवर उभा राहतो, माय,” तो म्हणाला. “घरी आलो का तुहं बोलणं सुरू. बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मले कोणी विचारलं नाही का तू झोपला का नाही. त्या दिवशी दात काढून ठेवले अन घर चूप झालं. मी झोपलो.”

मला त्याची कीव आली, आणि आली याचा रागही आला. बाईच्या तोंडातले दात काढून मिळवलेली झोप. पण तो खोटं बोलत नव्हता.

आजी म्हणाल्या, “झोप येते म्हणून सांगाचं होतं. मी विहारात जाऊन बसली असती दिवसभर. दात काहून नेले?”

त्यांनी आरसा माझ्याकडे परत दिला आणि पदर सावरला.

“मी खाप्याले चालली,” त्या म्हणाल्या. “लग्नाले येईन. तुह्याच बाजूनं बसीन, लोकाईले काही सांगणार नाही. पण घरी कधी यायचं ते मी पाहीन.”

लेकीनं आईची पिशवी उचलली. जिना उतरताना आजी काहीतरी सांगत होत्या, लेक हो हो म्हणत होती, आणि मुलगा दोन पायऱ्या मागे, पडू नये म्हणून हात पुढे धरून चालला होता. सवयीनं धरला असेल. मी त्यातून काही अर्थ काढत नाही.

हेल्पलाइनच्या बाईंना मी उत्साहानं कळवलं की प्रकरण सुटलं. त्या म्हणाल्या, अशी प्रकरणं सुटत नाहीत, शांत होतात, म्हणून विचारपूस चालू ठेवा. त्या अधूनमधून मुलालाही फोन करत होत्या. दिवसा आईजवळ बसायला कुणी मिळेल का, झोपेचं काय करता येईल, असलं बोलणं. मला ते आधी पटलं नव्हतं. मग कधीतरी पटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलगा एकटाच दवाखान्यात आला. दाढ दुखत होती. मी ती साफ केली, औषध भरलं. तो उठला नाही. म्हणाला की शिफ्ट बदलून मागितली आहे, आता दिवसपाळी मिळेल, आणि आईची खोली रंगवून घेतली आहे. “तुम्ही तिले सांगा ना, मॅडम, परत ये म्हणून. ती तुमचं ऐकते.”

मी म्हटलं, “तुम्हीच विचारा त्यांना.”

“अन ती नाही म्हणाली तर?”

“तर नाही म्हणाल्या.”

तो खुर्चीतून उठला. मग बाहेर गेला आणि जिन्यात उभं राहून त्यानं फोन लावला. या वेळी स्पीकर लावलेला नव्हता. तिकडची बाजू लांबलचक असावी, कारण बराच वेळ तो नुसता कानाला फोन धरून भिंतीला टेकून उभा होता. सिस्टरनं दार लोटून घेतलं आणि मी पुढचा पेशंट घेतला.